घरातील लाकडाची कीड : खुणांवरून ओळख

शाळेच्या कपाटाखाली एखाद्या सकाळी पिवळट पांढऱ्या पिठाची चिमूटभर रास दिसते. झाडलोट करणारी मुले ती केरात टाकतात. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तेवढीच रास पुन्हा पडलेली असते. ‘कपाटास वाळवी लागली’ असा निर्वाळा मिळतो, हाती लागेल ते औषध शिंपडले जाते आणि वर्षअखेरीस त्या कपाटाचे नाव निर्लेखनाच्या यादीत चढते. दुसऱ्या एखाद्या शाळेत कपाटामागच्या भिंतीवरून पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची एक रेघ वर गेलेली असते. पावसाने माती ओघळली असेल, असे समजून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर कपाट उघडावे, तो जनरल रजिस्टराचे पुठ्ठे तेवढे शिल्लक असतात.

पहिल्या शाळेत वाळवी नव्हतीच. ते कपाट आणखी वीस वर्षे टिकले असते. दुसऱ्या शाळेत वाळवी होती आणि ती ओळखण्यास एक मिनिटही लागले नसते. जनरल रजिस्टर ही केवळ शाळेची वस्तू नव्हे. गावातील वृद्ध माणसाची जन्मतारीख, एखाद्या कुटुंबाची जातीची नोंद, पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या मुलीच्या शिक्षणाचा पुरावा अनेकदा त्या एकाच पानावर असतो. त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. म्हणून लाकडाची कीड ओळखणे हा विज्ञानाच्या पाठाचा विषय आहेच, पण तो शिक्षकाच्या जबाबदारीचाही भाग आहे.

कीड स्वतः सहसा दिसत नाही, ही यातील मुख्य अडचण. तिचे बहुतेक आयुष्य लाकडाच्या पोटात जाते. दिसतात त्या तिच्या खुणा : माती, पीठ, भुसा, दाणे, छिद्राचा आकार आणि क्वचित आवाज. शिकारी माग पाहून जनावर ओळखतो, तसे येथे करावयाचे आहे.

सर्वांत आधी पाहावी ती माती. लाकडावर, भिंतीवर, चौकटीच्या खालच्या टोकाशी वा जमिनीच्या भेगेतून निघालेली ओलसर मातीची नळी दिसली, की ती जमिनीत राहणारी वाळवीच होय, असे समजावे. काही भागांत तिला उधई म्हणतात. वाळवी माती का आणते, हे मुलांस अवश्य विचारावे. तिचा कामकरी कीटक मऊ अंगाचा, फिकट रंगाचा आणि बहुधा आंधळा असतो. उघड्या हवेत व उन्हात तो थोड्याच वेळात सुकून मरतो, मुंग्याही त्याचा फडशा पाडतात. म्हणून जमिनीतील आपल्या घरापासून अन्नापर्यंत तो स्वतःच्या अंगचा ओलावा मिसळून मातीचा झाकलेला रस्ता बांधीत जातो. याचा अर्थ असा की, लाकडातील वाळवीचे घर लाकडात नसते. ते जमिनीत, कित्येकदा शाळेच्या भिंतीपलीकडे असते. लाकडावर औषध मारून ती का जात नाही, याचे उत्तर एवढ्यातच आहे.

ती नळी जिवंत आहे की जुनी, हे ठरविण्याची रीत सोपी आहे. मधला चार-पाच सेंटिमीटरांचा भाग काडीने काढून टाकावा व दोन-तीन दिवसांनी पाहावे. खिंडार बुजविलेले असेल, तर वाहतूक चालू आहे. बुजविलेले नसेल, तर वाळवी गेली असे मात्र लगेच मानू नये. ती दुसऱ्या वाटेने गेली असण्याचा संभव असतो. कपाटाची मागची फळी, चौकटीची भिंतीत गेलेली बाजू, जमिनीवर टेकलेले गठ्ठे ही तिची आवडती ठिकाणे होत. शाळेची नवी इमारत स्लॅबची आहे, म्हणून निर्धास्त राहण्याचेही कारण नाही. फरशीच्या सांध्यातून केसाएवढी फट मिळाली तरी तिला पुरते.

वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याची चाल आहे, ती चुकीची आहे. मुंगीची कंबर बारीक, वाळवीची जाड; मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या सरळ व मण्यांच्या माळेसारख्या. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे. आज शास्त्रज्ञ वाळवीची गणना झुरळांच्याच गणात करतात, हे ऐकून मुलांस नवल वाटेल. लाकडातील सेल्युलोज पचविण्याचे काम काही जातींत पोटातील सूक्ष्म जीव करतात. आपल्याकडे वारुळे बांधणाऱ्या जाती वारुळात चक्क बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात कोकणात व गोव्यात लोक आवडीने खातात ती वारुळावरची अळंबी याच शेतीतून वर येते. ज्या वर्गात अळंबी खाल्लेली मुले असतील, तेथे पाठाची सुरुवात येथूनच करावी.

वाळवीचा आणखी एक प्रकार आहे, त्यास माती लागत नाही. कोरड्या लाकडातच वस्ती करणारी ही वाळवी विशेषतः किनाऱ्याच्या दमट प्रदेशात आढळते. जुन्या खुर्चीखाली, खिडकीच्या चौकटीखाली खसखशीसारखे कोरडे दाणे पडलेले दिसतात. ते चिमटीत घेतले असता पिठासारखे पसरत नाहीत, वाळूसारखे घरंगळतात. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक दाण्यास सहा पैलू दिसतात. ती त्या वाळवीची विष्ठा होय. एवढी नीटस खूण दुसऱ्या कोणत्याही किडीची नाही.

आता कपाटाखालच्या पिठाकडे वळावे. मैद्यासारखे मऊ, बोटांत घेतल्यास रेशमासारखे लागणारे पीठ आणि लाकडास टाचणीच्या डोक्याएवढी, एक ते दोन मिलिमीटरांची गोल छिद्रे, ही खूण लहान भुंगेऱ्यांची आहे. शास्त्रात यांपैकी एकास लिक्टस म्हणतात. मादी लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते. अळी आतल्या आत लाकूड खात वाढते, कोषात जाते आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा छिद्र पाडून बाहेर येतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपणास दिसते ते छिद्र किडीच्या आत शिरण्याचे नसून बाहेर पडण्याचे आहे. छिद्र दिसले, म्हणजे ज्याने ते पाडले तो निघून गेलेला आहे. त्या छिद्रात औषध भरणाऱ्याने रिकाम्या घरास कुलूप लावल्यासारखे होते. आत आणखी अळ्या आहेत किंवा नाहीत, हा खरा प्रश्न.

या भुंगेऱ्यास लाकडातील पिष्ट हवे असते. झाडाच्या खोडाचा बाहेरचा फिकट भाग, ज्यास रसकाष्ठ म्हणतात, त्यात झाड पिष्ट साठवून ठेवते. आतील गडद गाभ्यात, म्हणजे मध्यकाष्ठात ते जवळजवळ नसते. म्हणून सागाच्या चौकटीस एका कडेनेच छिद्रे पडलेली व बाकीचे लाकूड अखंड, असे दृश्य वारंवार दिसते. ती कड रसकाष्ठाची असते. सुताराने बचत म्हणून ती तशीच ठेवलेली असते. घरधनी घाबरतो, सागास कीड लागली म्हणून विकणाऱ्यास दूषणे देतो. परंतु गाभ्याकडे वळण्यात त्या किडीस काही स्वारस्य नसते. चौकट बदलण्याचे कारण नाही. आंबा, सावर यांसारख्या फिकट लाकडाची गोष्ट मात्र निराळी. तेथे सगळे लाकूडच किडीस रुचणारे असते. लागवडीतील कोवळ्या वयाच्या सागातही रसकाष्ठाचे प्रमाण पुष्कळ असते, हे आजच्या काळात लक्षात ठेवणे बरे. ‘साग आहे’ एवढे ऐकून भागत नाही. फळीचा रंग पाहावा.

पिष्टाची ही गोष्ट वर्गात सिद्ध करून दाखविता येते. आयोडीनचे सौम्य द्रावण घ्यावे. प्रथम बटाट्याच्या फोडीवर एक थेंब टाकून तो निळसर काळा होतो, हे मुलांस दाखवावे. नंतर तोच थेंब बांबूच्या नव्या कापावर, आंब्याच्या ताज्या डहाळीच्या कापावर आणि सागाच्या गाभ्याच्या तुकड्यावर टाकावा. जेथे रंग बदलेल, तेथे किडीचे जेवण वाढलेले आहे. एवढा प्रयोग केला की पुढची चर्चा मुले स्वतःच करतात.

बांबूची स्थिती याच न्यायाने समजते. बांबूस गाभ्याचे संरक्षण नाही आणि पिष्ट भरपूर. म्हणून कुडाच्या कामट्या, टोपल्या, मांडवाचे बांबू यांतून सहा महिन्यांच्या आत पीठ गळू लागते. पावसाळा संपल्यानंतर तोडलेला पक्का बांबू उन्हाळ्यात तोडलेल्याहून कमी किडतो आणि ओढ्यात किंवा तळ्यात काही आठवडे बुडवून ठेवलेला त्याहूनही कमी. पाण्यात त्यातील पिष्ट कमी होते. गावातील जुनी माणसे बांबू पाण्यात टाकीत, ती अंधश्रद्धा नव्हती. आज बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू भिजविण्याची रीतही रूढ आहे. मात्र ते काम मोठ्यांनी करावे आणि असा बांबू छपराखालीच वापरावा, कारण पावसाने ते क्षार धुऊन जातात.

तिसरी खूण सर्वांत कमी दिसते आणि तीच सर्वांत भयंकर. रात्री घर निजल्यावर आढ्यातून वा वाशातून ‘कर्र कर्र’ असा आवाज येतो. घरातील माणसे उंदीर म्हणून सोडून देतात. तो आवाज लांब मिशांच्या मोठ्या भुंगेऱ्याच्या अळीचा असू शकतो. ही पांढरट, जाड, वळ्या-वळ्यांची अळी कोरड्या लाकडात कित्येक वर्षे राहते. ती आपला भुसा बाहेर टाकीत नाही, मागच्या बोगद्यात घट्ट ठासून भरते. त्यामुळे खाली पीठ पडत नाही, वासा वरून गुळगुळीत दिसतो आणि आतून पोकळ झालेला असतो. शेवटी पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर पडतो, तेव्हा अर्धा सेंटिमीटर वा त्याहून मोठे लांबट छिद्र दिसते. गोल छिद्र व लांबट छिद्र यांतील हा फरक मुलांस फळ्यावर काढून दाखवावा. अशी छिद्रे छपराच्या लाकडास दिसली, तर तो विषय पाठापुरता राहत नाही.

अशा लाकडाची परीक्षा ठोकून करावी. सुतार पटाशीच्या मुठीने ठोकीत वाशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो व कानाने ऐकतो. भरीव लाकडाचा नाद टणक येतो, पोखरलेल्याचा भद्द. शंका आलेल्या जागी अणकुचीदार आरी टोचून पाहतात. ती सहज आत गेली, तर वर केवळ पापुद्रा उरलेला आहे. विशेषेकरून वाशाची भिंतीवर टेकलेली टोके पाहावीत. तेथे ओल असते, वाळवीही तेथेच चढते आणि भार तेथेच असतो. ही तपासणी सुताराने किंवा बांधकाम खात्याच्या माणसाने करावी. मुलांस शिडीवर चढवू नये, हे सांगण्याची वास्तविक गरज नाही. पण उत्साहाच्या भरात चुका होतात.

चौथी खूण पाहून लोक विनाकारण घाबरतात. पडवीच्या वाशास किंवा मांडवाच्या बांबूस करंगळी जाईल एवढे, कंपासने आखल्यासारखे गोल छिद्र आणि खाली करवतीच्या भुशासारखा जाडा भुसा. हे काम काळ्या मोठ्या भुंग्याचे. हा भुंगा मधमाशीच्या कुळातला आहे. तो लाकूड खात नाही. मादी त्यात घर करते, परागाचे गोळे साठवून पिलांची सोय करते. मराठीत ‘भुंगा’ हा शब्द या माशीसही लावतात आणि पीठ पाडणाऱ्या किड्यासही, त्यामुळे घोटाळा होतो. दुसऱ्यास भुंगेरा म्हणावे, म्हणजे वर्गात गोंधळ राहणार नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात कोरडे लाकूड भेदणारा, पण कमळाच्या कोवळ्या कळीत अडकून पडणारा भ्रमर आहे. तो हाच असावा. भाषेच्या तासाला त्याचा उल्लेख करता येईल. तूर, शेवगा यांच्या फुलांवर हा भुंगा परागसिंचन करतो. एखाददुसऱ्या छिद्राने वासा मोडत नाही. बांबूची उघडी टोके बुजवावीत आणि भुंग्यास त्याच्या कामाला जाऊ द्यावे.

नव्या फळीवर कधी कधी बारीक, काळ्या कडेची छिद्रे असतात व पीठ मात्र कधीच पडत नाही. ही ओल्या ओंडक्यास लागणाऱ्या किडीची जुनी खूण होय. ती कीड लाकूड वाळले की मरते. अशा फळीस औषधाची गरज नसते. इंग्रजी पुस्तकांत ज्या फर्निचरच्या भुंगेऱ्याचे वर्णन विस्ताराने येते, त्याचा आपल्या उष्ण प्रदेशात फारसा उपद्रव नाही, हेही ध्यानी ठेवावे. चित्र तेथले पाहून कीड येथली ठरवू नये.

हा पाठ परिसर अभ्यासात फेब्रुवारी-मार्चमध्ये घेणे सोयीचे असते, कारण उन्हाळ्याच्या सुमारास भुंगेरे बाहेर पडू लागतात. मुलांनी आपापल्या घरून कागदाच्या पुडीत पीठ, भुसा, दाणे अथवा मातीचा तुकडा आणावा. पुडीवर वस्तूचे नाव व माहीत असल्यास लाकडाची जात लिहावी. पाचवीच्या मुलांना भिंगाने पाहून पुड्यांचे गट करता येतात. शिक्षकांनी नाव लगेच सांगू नये. ‘माती आहे का? पीठ आहे की दाणे? छिद्र गोल की लांबट? केवढे?’ एवढेच प्रश्न विचारावेत. गावातील सुतारास एक तास वर्गात बोलवावे. लाकडाचा कस नखाने ओळखणारा माणूस पुष्कळ गावांत अजून आहे. एक काळजी घ्यावी : कोणत्याही मुलाने घरी जाऊन ‘आपले छप्पर पडणार’ असे सांगू नये. ज्या घरी नवे लाकूड घेण्याची ऐपत नाही, तेथे असे शब्द जिव्हारी लागतात. धोका खरोखरच दिसला, तर शिक्षकांनी स्वतः पालकांस भेटून शांतपणे सांगावे.

शाळेतील लाकडासाठी खडूची युक्ती वापरावी. कपाट, बाक, चौकट यांवरील प्रत्येक छिद्राभोवती खडूने वर्तुळ काढावे व तारीख लिहावी. खालची जागा स्वच्छ झाडून काळा कागद पसरावा. आठ-दहा दिवसांनी पाहावे. वर्तुळाबाहेर नवे छिद्र दिसले, तर कीड जिवंत आहे. नव्या छिद्राची आतली कड ताज्या कापाप्रमाणे उजळ असते, जुन्याची मळकी व कोळिष्टकांनी भरलेली. केवळ कागदावर पीठ पडले, एवढ्यावरून निर्णय करू नये. बाक सरकविला, दार आपटले, तरी जुने पीठ गळते. एक पूर्ण उन्हाळा नवे छिद्र पडले नाही, तर ते कपाट किडीच्या दृष्टीने निरोगी समजावे आणि त्याच्या निर्लेखनाचा विचार सोडून द्यावा. रसकाष्ठाच्या उघड्या भागास वार्निश वा रंग दिल्यास रंध्रे बुजतात आणि मादीस अंडी घालण्यास जागा राहत नाही.

मातीची खूण असेल, तर मात्र आठ दिवस थांबू नये. त्याच दिवशी रजिस्टरे, दाखले, जुन्या हजेरीच्या वह्या तेथून हलवाव्यात व पत्र्याच्या कपाटात, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवाव्यात. पत्र्याच्या कपाटातही तळाच्या फटीतून वाळवी चढते, म्हणून त्याचे पाय विटांवर घेऊन खालची जागा दिसेल अशी मोकळी ठेवावी. गळके छप्पर, भिंतीलगत साठणारे पाणी, भिंतीस टेकवून रचलेले सरपण यांचा बंदोबस्त औषधाआधी करावा. जमिनीतील वाळवीवरील औषधोपचार जाणत्या माणसाकडूनच, मुले शाळेत नसताना करून घ्यावा. पोषण आहाराचे तांदूळ व डाळी ठेवलेल्या खोलीत कोणतेही विष फवारू नये. जुन्या शाळांच्या कोनाड्यांत अद्याप गॅमेक्सिनच्या पुड्या सापडतात. त्या बी. एच. सी. विषावर भारतात १९९७ साली बंदी आली आहे. अशी पुडी सापडल्यास ती उघडू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि कृषी विभागाच्या अधिकाऱ्यास कळवावे. रॉकेल शिंपडण्याने आगीची भीती वाढते. वाळवीचे जमिनीतील घर जसेच्या तसे राहते.

छपराच्या लाकडास लांबट छिद्रे, भद्द नाद किंवा वाशाच्या टोकाशी माती आढळली, तर त्या खोलीतील वर्ग तपासणी होईपर्यंत दुसरीकडे भरवावा आणि शाळा व्यवस्थापन समितीस लेखी कळवून प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. अर्जात ‘शाळेस कीड लागली आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे लिहिले, तर तो कागद इतर कागदांत पडून राहतो. त्याऐवजी ‘उत्तरेच्या भिंतीकडून तिसरा वासा, भिंतीवरील टोक, ठोकल्यास पोकळ नाद, मातीची नळी दोन वेळा मोडली असता तीन दिवसांत पुन्हा बांधली गेली’ असे लिहावे. म्हणजे तपासणीस येणारा माणूस थेट त्या वाशापाशी शिडी लावील.